निळा कोट

आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी वेळेवर जेवते, खोलीही हवेशीर आहे, काळजी करू नकोस. पण आज डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसले.

क्षयाच्या पेशंटच्या घरी जाऊन त्यांना समोर गोळ्या घ्यायला लावणं, हे माझं काम. त्यातली एक शिवणकाम करायची. तिच्याकडे मी कापडाची पिशवी घेऊन गिऱ्हाइकासारखी जायचे, त्यामुळे गल्लीत कुणाला संशय आला नाही. मग साहेबांनी फर्मान काढलं, निळा कोट घालूनच फिरायचं, आपलं काम लोकांना दिसलं पाहिजे. दिसलं ना! घरमालकाने तिला सामानासकट बाहेर काढलं. गोळ्या अर्ध्यावर राहिल्या, आता ती कुठे आहे कुणास ठाऊक. आणि हा घरमालक वर मलाच विचारतो, "ताई, आम्हाला काही होणार नाही ना?" असा संताप आला! ती बरी होत आली होती गं.

तो कोट आता खुंटीवरच राहील. साहेबांना काय करायचं ते करू देत.

गुडघे कसे आहेत? खोकल्याचं तू लिहीत नाहीस, पण वहिनीने कळवलं. तिथली आरोग्यवाली ताई तपासायला आली की, शेजारी काय म्हणतील म्हणून तू आतून कडी लावतेस म्हणे. आई, ती बाहेर उभी असते ना, ती मीच आहे असं समज. कोट घालून आली तरी कडी काढ.

तुझ्यावरही रागावलेली,
तुझी धाकटी