विनाकारण श्रीलंका

उस्मानपुरा,
डिसेंबर २०२१

आदरणीय दाजींस राजकुमारचा सविनय जयभीम.

मास्कच्या आत आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा आणि रूपाताईचा स्वभाव, दोन्हींना या थंडीत आराम पडो.

सुरुवातीलाच एक गंभीर तक्रार नोंदवतो. परदेशी जायला तुम्ही मोठ्या मनानं तुमची बॅग दिलीत. चाकं दिलीत, कुलूप दिलंत, दुबईच्या विमानतळाचं अर्धं फाटलेलं स्टिकरही दिलंत (ते आई कुणाला काढू देत नाही). कुलपाचा नंबर तेवढा स्वतःकडे ठेवलात. बॅग उघडी आली, आम्ही ती भरली, आईनं झाकण दाबलं, कुलूप 'टक्' वाजलं, आणि तेव्हापासून ती आमच्या पलंगाखाली मौनात गेली आहे. व्याकरणात याला अध्याहार म्हणतात : वाक्यातलं मुख्य पद ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं आणायचं. पण तीन आकडे मनानं आणायला मी काही पंचांगकर्ता नाही. इतके दिवस बॅग उघडायची वेळ आली नाही म्हणून विचारलं नव्हतं, आता विचारतो.

आई शेजारी बसली आहे, म्हणून मोठ्यानं म्हणत म्हणत लिहितो आहे. (ती म्हणते, "पयल्यापासून लिही. जावईबापूला समदं कळू दे.")

तर पयल्यापासून. आईनं सत्तरी ओलांडली तेव्हा मी विचारलं होतं, आता सांग, कुठं फिरायला जायचं? मला वाटलं, नागपूर म्हणेल. ती म्हणाली, "जिथं आपलं कुणीच नाय, तिथं." मी पद्धतशीर शोध घेतला. पुण्यात आत्या, मुंबईत मामेभाऊ, गोव्यातसुद्धा बँकेत चिकटलेला एक भाचा. आपला गोतावळा असा पसरलेला आहे की आई भारतात कुठंही गेली तरी तासाभरात तिच्या हातात लाटणं येणार. देश सोडल्याशिवाय इलाज नव्हता. श्रीलंका ठरली.

दाजी, ही बाई आयुष्यात विनाकारण कुठं गेलेली नाही. बाळंतपणं, लग्नं, मयती, माझ्या फीची सवलत मागायला शाळेत, आणि दरसाल दीक्षाभूमीवर. तुम्ही दुबईला जाऊन आलात हे खरं (चार दिवसांचं वर्णन चार वर्षं पुरलं, हेही खरं). पण तुम्ही गेलात ते लेकाच्या घरी पाळणा हलवायला. निव्वळ पाण्यात पाय सोडून बसण्यासाठी समुद्रापार जाणारी आपल्या घराण्यातली ही पहिलीच. 'अहेतुक' हा शब्द मी वर्गात इतकी वर्षं शिकवतो आहे. त्याचं चालतंबोलतं उदाहरण माझ्याच स्वयंपाकघरात निघेल असं वाटलं नव्हतं.

आणि नेमका त्याच मुहूर्तावर 'विनाकारण' हा शब्द गुन्हा ठरला! क्रांती चौकात पोलिसांची गाडी भोंग्यावरून बजावत होती, विनाकारण बाहेर पडू नका. मी त्या वेळी आईसाठी पाण्यात चालतील अशा चपला आणायला गुलमंडीकडं निघालो होतो. हवालदारानं अडवलं, "बोला मास्तर, कारण?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "समुद्र? इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, आन् तुम्ही समुद्राच्या चपला घ्यायलात व्हय?" परत आलो. चपला पुढं दुकानं उघडल्यावर आणल्या.

पहिल्यांदा विमानं थांबली. दुसऱ्यांदा त्या देशानं आपल्याकडच्यांना दार लावलं. मधल्या काळात आमचा ट्रॅव्हल एजंट शिवम (तो सध्या त्याच काउंटरवर सॅनिटायझर आणि बायकोनं केलेला काळा मसाला विकतो) फोन करून सांगे, "सर, कारण तगडं असलं तर बघता येईल. मेडिकल टाकू? बिझनेस टाकू?" शेवटी त्याला सुचलं, "आजी बौद्ध आहेत ना? तीर्थयात्रा टाकतो." फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "बाळा, बोधिवृक्षाला मी हात जोडीनच. पर त्याला कारण करू नको. मी नुस्ती चाललेय. नुस्ती म्हणून टाक." शिवमच्या कॉम्प्युटरला 'नुस्ती' समजत नाही.

या महिन्यात विमानं सुरू होणार म्हणून चपलांवरची धूळ झटकली, तोच ग्रीक वर्णमालेतलं नवं अक्षर अवतरलं आणि सगळं पुन्हा पुढं गेलं. (विषाणूंना ग्रीक अक्षरं लावली हे बरंच झालं. आपली वर्णमाला घेतली असती तर 'ज्ञ' येईपर्यंत माझी नातवंडं पेन्शनीत निघाली असती.)

तरी आमची मान ताठ आहे. आई आल्यागेल्याला पासपोर्ट दाखवते, आणि कुणी "कवा जाणार?" विचारलं तर म्हणते, "काय घाई हाय? कामाला थोडीच चाललेय." असं उत्तर देणारी दुसरी बाई उस्मानपुऱ्यात दाखवा, मी तिला पीएच.डी. देतो. (हे वाक्य आईनं दोनदा वाचून घेतलं.)

रूपाताईला नमस्कार. भाचीला, संस्कृतीला सांगा, तिच्या लग्नात आजी पहिल्या रांगेत बसणार आहे.

तुमचा मेहुणा,
राजकुमार

ता. क. : नंबर लवकर कळवा. बॅगेत आईचं निळ्या काठाचं पांढरं पातळ आहे. संस्कृतीच्या लग्नात तेच नेसायचं म्हणते.

आणखी एक ता. क. : हा आईला वाचून दाखवलेला नाही, ती शेजारी पासपोर्ट घेऊन गेली आहे. तक्रार वाचून तुम्ही बुचकळ्यात पडला असाल. नंबर तुम्ही बॅग देतानाच सांगितला होता. तीन शून्यं. मला पाठ आहे. आईचा फोन आला तर कृपा करून "विसरलो" म्हणा. लग्नाला मी तिला नवं पातळ घेतो.

ते पातळ तिनं समुद्रासाठी ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात एकदम म्हणाली, "काढ ते, लग्नात तरी कामी येईल." दुसऱ्या लाटेत दवाखान्यातून घरी आल्यापासून ती जिना चढताना मध्येच कुंडीपाशी थांबते. मी बघतोय असं दिसलं की म्हणते, "फूल बघत होते." त्या कुंडीत कोरफड आहे, दाजी.

विमानांची मला काळजी नाही, ती आज ना उद्या सुरू होतील. ती सुरू होतील तेव्हा आईला निघता येईल का, याची भीती वाटते. आणि तिलाही तेच वाटायला लागलंय, म्हणून ती बॅग रिकामी करायला निघालीय, याची जास्त.