मी स्वतःहून गेलो नव्हतो

नौपाडा, ठाणे
सोमवार, ९ मार्च २०२६

प्रिय देवेश,

तुझी क्रीडावाहिनीवरची मुलाखत मी दोनदा ऐकली. पहिल्या वेळी भाषेकडेच लक्ष गेले ('मी सरांना बोललेलो' हे वाक्य माझ्या वर्गात बसलेल्या मुलाने कॅमेऱ्यासमोर उच्चारावे, याचे दुःख वेगळे), म्हणून मजकुरासाठी ती पुन्हा ऐकावी लागली. तू म्हणतोस, की उपांत्य सामना आपण सरांच्या एका चुकीमुळे हरलो, ती चूक सरांच्या मनाला लागली, डोळ्यांनीही त्यांना नीट दिसेनासे झाले होते, म्हणून त्यांनी प्रशिक्षकपद स्वतःहून सोडले आणि निघताना तुझ्या डोक्यावर हात ठेवला. यातले एकही विधान खरे नाही. उपांत्य सामना आपण जिंकलो होतो, तेव्हा न झालेली चूक मनाला लागण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मी त्यानंतर तीन वर्षांनी करून घेतली, आणि तीही एकाच डोळ्याची. पद मी सोडले नाही. आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवता येईल इतक्या जवळ तू त्या दिवशी आला नव्हतास.

१ मार्चच्या रविवारी तू घरी आलास, तेव्हा यातले काही बोललो नाही. सात वर्षांनी तू आमचा जिना चढलास, हातात मिठाईचा खोका होता, आणि आमच्या सौ. हेमाने तुझ्यासाठी चहात मुद्दाम गवती चहा घातला होता. अशा वेळी वाद घालणे मला प्रशस्त वाटत नाही. तू विनंती केलीस आणि मी 'विचार करून लिहितो' असे म्हणालो. त्याप्रमाणे लिहीत आहे. तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही क्रमाने मांडतो, कारण मुलाखतीवरून त्या तू विसरलेला दिसतोस.

मी तुला प्रथम पाहिले ते कोलशेतला, गावच्या जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्यांत. आठवीतला मुलगा मोठ्यांच्या संघात खेळत होता आणि पकड होताना घाबरण्याऐवजी हसत होता. त्याच आठवड्यात मी तुझ्या घरी आलो. तुझे वडील दौलतराव उंबऱ्यातच म्हणाले, "मास्तर, मातीन लोलून पोट भरतं का?" मी त्यांना वचन दिले, की शिक्षण सुटणार नाही, आणि तुला माझ्या शाळेत दाखल करून घेतले. सकाळी मी तुला मराठी शिकवीत असे आणि संध्याकाळी चढाई. मराठीत तू जेमतेम उत्तीर्ण झालास. चढाईत मात्र मध्यरेषा ओलांडताना डावा खांदा किंचित खाली टाकून समोरच्याला फसवण्याची तुझी ती लकब, जी आज सारा देश तुझी म्हणून ओळखतो, ती बसवायला आपल्याला दोन पावसाळे लागले. मुलाखतीत तिला 'माझी नॅचरल स्टाइल' असे म्हटले आहेस. असो.

पुढे व्यावसायिक साखळी आली, ठाण्याचा संघ झाला, तू त्याचा चेहरा झालास आणि मी प्रशिक्षक. मला घ्या असा आग्रह मालकांकडे तूच धरला होतास, हे मी नाकारीत नाही. खेळाडूच्या शब्दावर प्रशिक्षकाची नेमणूक होते, हे मला त्याच वेळी दिसले. त्याच शब्दावर प्रशिक्षक घालवताही येतो, ही पुढची पायरी मला तू शिकवलीस.

उपांत्य सामन्यात काय घडले ते सांगतो. संघाच्या सलग दोन चढाया गुणाविना गेल्या, की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. अशा चढाईला प्रतिपक्ष वाट पाहतच उभा असतो. तिच्यात आपला सर्वांत मोठा चढाईपटू खर्ची घालायचा नाही, हा माझा नियम होता, कारण तो बाद झाला की पुढची कित्येक मिनिटे संघ आंधळा होतो. म्हणून शेवटच्या मिनिटांतली तिसरी चढाई मी महेंद्रला दिली. तू मैदानातूनच ओरडलास, "सर, मी आहे ना, त्याला काय पाठवताय?" मी हात केला आणि महेंद्र गेला. कोपरारक्षकाच्या पंजाला पायाच्या बोटाने स्पर्श करून तो परत आला आणि सामना आपण दोन गुणांनी जिंकलो. सामनावीराचा चषक त्याला मिळाला. तू छायाचित्राला थांबला नाहीस. बसमध्ये सर्वांत मागे, कानांत ते यंत्र घालून बसलास, आणि महेंद्र चषक दाखवायला आला तेव्हा त्याला म्हणालास, "ठेव, घरी शोकेसमध्ये ठेव, परत मिळायचा नाय."

अंतिम सामन्यात तू माझ्या खुणेकडे पाहिलेसुद्धा नाहीस. प्रत्येक तिसरी चढाई स्वतः केलीस आणि दर वेळी पकडला गेलास. त्या रात्री आपण हरलो. मुलाखतीत तू हे दोन सामने एकमेकांत मिसळले आहेस, आणि अशा सफाईने मिसळले आहेस, की पराभव माझ्या वाट्याला आला आणि विजय कोणाच्याच नाही.

पुढे मालकांबरोबरच्या जेवणात तू म्हणालास, "एक तर सर राहतील, नाहीतर मी." हे मला स्वतः मालकांनीच सांगितले, पण काम उरकल्यानंतर. त्याआधी कोणीही काही सांगितले नाही. पाडव्याला सरावाचा मुहूर्त असतो आणि मैदानात नारळ प्रशिक्षक वाढवतो, हा ठाण्यातल्या प्रत्येक मंडळाचा रिवाज. ज्याच्या हातून नारळ वाढवला जातो, हंगाम त्याचा. मी दर वर्षीप्रमाणे जांभळी नाक्यावरून शेंडीचा नारळ घेतला, धुतलेला सदरा घातला आणि मैदानात पोहोचलो. तेथे संदेश, तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठा आणि नुकताच निवृत्त झालेला तुझा जोडीदार, हातात नारळ घेऊन उभा होता. संघ रांगेत होता. माझ्याकडे पाहून सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि नेहमी हसणारा तू बुटाची नाडी बांधू लागलास. मला कोणी 'परत जा' असे म्हणाले नाही. 'या' असेही म्हणाले नाही. संदेशने नारळ वाढवला, एका टोपीवाल्या व्यवस्थापकाने मला प्रसादाचे खोबरे दिले आणि म्हणाला, "आजोबा, घ्या ना." नंतर मालकांना दूरध्वनी केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, राग मानू नका, पण पब्लिक देवेशला बघायला येते. तुम्हाला बघायला कोण येतंय?" या युक्तिवादात मला आजही दोष सापडलेला नाही.

माझा नारळ मी घरी आणला. हेमाने त्याचे काय केले ते मी विचारले नाही.

संदेशला मी दोष दिला नाही. तुझ्या शब्दावर आला आणि दोन हंगामांनी तुझ्याच शब्दावर गेला. त्याने तुला तंदुरुस्तीच्या चाचणीत नापास केले, एवढाच त्याचा अपराध होता. काढल्यावर तो नौपाड्यात आला, बराच वेळ खुर्चीच्या कडेवर बसला आणि शेवटी म्हणाला, "सर, त्या पाडव्याला मला वाटलेलं तुम्हाला सांगितलंय." मी त्याचे वाक्य दुरुस्त केले नाही. आता तो डोंबिवलीत शाळकरी मुलांना शिकवतो. चांगले शिकवतो.

मी मात्र मोहन्याला गेलो. तेथल्या एका मंडळाने बोलावले आणि मी गेलो, कारण मला मैदान हवे होते. तेथे मला बंटी भेटला. तू त्याला ओळखतोसच. तुझ्या संघाचा आजचा तारा, तीन हात नाक्यावरच्या फलकावर तुझ्या जागी ज्याचे चित्र लागले आहे, तो. त्याला मी तुला शिकवलेले सगळे शिकवले. खांदा शिकवला, श्वास शिकवला, तिसरी चढाई दुसऱ्याला द्यायला शिकवले. शिवाय तुला जे मी कधी शिकवले नव्हते, तेही शिकवले. सरावानंतर मैदानाच्या कठड्यावर बसून मी त्याला सांगत असे, की या खेळात प्रशिक्षक नेमतो कोण आणि काढतो कोण. मालक नाही, समिती नाही. ज्याचे चित्र फलकावर आहे तो. मग तो विचारी, "सर, म्हणजे माझं पोस्टर लागलं की मी कोणाला पण काढू शकतो?" मी म्हणत असे, "हो. म्हणून आधी विचार करून ठेव, की कोणाला." तो मोठ्याने हसे. पुढे ठाण्याच्या संघाने त्याला घेतले, आणि तू निवृत्त होऊन त्याच संघाचा प्रशिक्षक झालास, तेव्हा त्याचे हसणे थांबले. तो विचार करू लागला होता.

गेल्या हंगामात तू त्याला प्रत्येक तिसऱ्या चढाईला पाठवलेस. तुझा तरुण प्रतिस्पर्धी दर सामन्यात बाद होताना दिसावा, एवढीच त्यातली युक्ती होती, हे मोहन्यातल्या लहान मुलांनाही कळले. हंगाम संपताच त्याने मालकांना सांगितले, की देवेश राहिला तर आपण राहणार नाही. म्हणून त्या रविवारी तू माझ्याकडे आलास. म्हणालास, "सर, तो तुमचं ऐकतो. एक शब्द टाका." आणि मग, बशीत चहा ओतता ओतता, अगदी मनापासून म्हणालास, "मला सांगा सर, कोच कोण असणार ते प्लेअर ठरवणार? हे बरोबर आहे का?" माझ्या हातातली किटली जराही हलली नाही. त्याचा मला अभिमान आहे.

आता उत्तर. बंटीशी मी बोललो, पण तू येण्याच्या चार दिवस आधी, आणि तू मागितलेला शब्द मी टाकला नाही. मालकांचाही दूरध्वनी आला होता. त्यांनी विचारले, "सर, बंटी म्हणतोय देवेश नको. तुम्ही बोला, मी काय करू?" मी म्हणालो, पब्लिक बंटीला बघायला येते. त्यावर त्यांनी पद मला देऊ केले. मी नाकारले. मला ते पद नको होते. मी संदेशचे नाव सुचवले, बंटीने त्याला होकार दिला आणि मालकांनी तो मानला. त्यांचा विचार तुला काढून टाकण्याचा होता. तसे करू नका, असे मीच त्यांना सांगितले. तुझा करार आणखी दोन हंगामांचा आहे, आणि तो तू मोडलास तर त्या काळात दुसऱ्या कोणत्याही संघाकडे जाता येणार नाही. तेव्हा तू सहायक म्हणून राहशील. काढलेला माणूस घरी बसतो, चार वर्षांनी मुलाखत देतो आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. तुला ती सोय मिळू नये. तू संदेशच्या डाव्या हाताला, बाकाच्या टोकाला बसशील, तिसऱ्या चढाईला कोण जाणार हे तो ठरवेल, आणि बंटी बाद न होता परत आला की टॉवेल घेऊन उठणे तुझ्याकडे असेल. हे पत्र मी क्षमा करण्यासाठी लिहिलेले नाही, आणि तुझ्याकडून क्षमा मागवून घेण्यासाठीही नाही. हे कोणी केले, हे तुला व्यवस्थापकाकडून किंवा वर्तमानपत्रातून नव्हे, माझ्या अक्षरात कळावे, एवढ्यासाठी लिहिले आहे.

जो तुला घडवताना चुकला नाही आणि आता पाडतानाही चुकणार नाही, असा तुझाच सर,
गुणाजी तळवडेकर

पुढील मुलाखतीच्या उपयोगासाठी तारखा:

१८ जानेवारी २०१९, शुक्रवार. उपांत्य सामना. विजय, दोन गुणांनी. सामनावीर महेंद्र.

२० जानेवारी २०१९, रविवार. अंतिम सामना. पराभव. तिसऱ्या चढाया देवेशच्या.

३ फेब्रुवारी २०१९, रविवार. मालकांबरोबर जेवण. 'एक तर सर राहतील, नाहीतर मी.' (तुझ्या मुलाखतीप्रमाणे मी पद मार्चमध्ये, स्वतःहून सोडले.)

६ एप्रिल २०१९, शनिवार, पाडवा. मला काढल्याचे मला कळले.

१५ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार. संदेशला काढले. (मुलाखतीत उल्लेख नाही.)

९ एप्रिल २०२४, मंगळवार. तू प्रशिक्षक झालास.

२५ फेब्रुवारी २०२६, बुधवार. मी बंटीशी आणि मालकांशी बोललो.

१ मार्च २०२६, रविवार. तू चहाला आलास.

१९ मार्च २०२६, गुरुवार, पाडवा. संदेश सूत्रे घेईल. सकाळी सात वाजता हजर राहावे. ही तारीख तुला अद्याप कोणी कळवलेली नाही.