रविवारचा फोन

आई, सकाळपासून फोन हातात घेते आणि ठेवते. तू असतीस तर म्हणाली असतीस, भाकरी करपतेय, तिकडं बघ. आमच्या सांगलीच्या शिशुगृहातली सहा वर्षांची एक पोर उन्हाळ्यात इटलीला दत्तक गेली. तिला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं माझ्याकडे होतं. दर रविवारी ती फोनवर माझ्याशी मराठीत बोलते. आता तिच्या नव्या आईचा निरोप आलाय. पोर वर्गात गप्प बसते, आणि तिथल्या बाई म्हणतात, काही दिवस मराठी बंद ठेवा, म्हणजे इटालियन लवकर येईल. तर फोन थांबवू का, असं ती नवी आई मलाच विचारते. मी काय सांगू?

मला आपलं कराडचं स्वयंपाकघर दिसतं. मी पहिलीत आहे, वाचनात मागे. मास्तर चहाची कपबशी हातात धरून तुला सांगतायत, "आवं, पोरीसंगं घरात कानडी नगा बोलू. मराठीच बोला." जतच्या पलीकडून लग्न होऊन आलेली तू, नुसती मान डोलावलीस. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना तू गप्प होतीस. मास्तर वाईट नव्हते, मी वाचायलाही लागले. पण तुझ्या मराठीत बाजाराचे, कामाचे शब्द होते, लाडाचे नव्हते. जेव, ऊठ, अभ्यास कर. मला वाटायचं, आता मी तुला आवडत नाही. त्या मास्तरांचा मला अजून राग येतो, आणि तुझाही. एकदा तरी त्यांचं ऐकायचं नव्हतंस.

इथवर लिहून थांबले, आणि शेवटी पोरीच्या नव्या आईला लिहून टाकलं: फोन थांबवू नका. इटालियन शाळेत येईलच, पण तोवर तिला रुसायला, रडायला एखादी भाषा हवी. तुम्हीही चार शब्द शिका. लगेच उत्तर आलं. म्हणे, पोर बाहुलीला जवळ घेताना 'बारव्वा' म्हणते, आधी तेच शिकवा, मराठीत त्याचा अर्थ काय?

आई, मास्तर यायच्या आधी वेणी घालायला तू मला हेच म्हणून बोलवायचीस. तुझ्या कानडीतला तेवढा एकच शब्द माझ्याकडे उरलाय, आणि न्हाणीघरात मी प्रत्येक पोराला तोच म्हणते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. मी तिला कळवलं, 'ये बाळा.' शब्द मराठी नाही, हे मात्र सांगितलं नाही.