विष्णुपुरीचं इमान विकणे आहे

विष्णुपुरी, नांदेड
शुक्रवार, १० नोव्हेंबर २०००

ती. तारा अक्काच्या सेवेशी रईसाचा सलाम, नमस्कार आणि दोन्ही पायांना हात.

इकडं आम्ही खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? दोन वेळा साठ-साठ पोरांची ताटं वाढायची म्हणजे गुडघ्यांनी तरी किती सोसायचं! मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की मेसमधल्या एका पोरीची आई रोज फोन करून विचारते, आज पोळ्या किती खाल्ल्या आणि चॅप्टर किती झाले. अक्का, लातूर कुठल्या कुठं गेलं गं. भूकंपानंतर ज्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये आपण दोघी एका चुलीवर स्वयंपाक करता करता बहिणी झालो, तिथं म्हणे आता डॉक्टर होणाऱ्या पोरांचं चार मजली होस्टेल आहे. चार मजली! मला कुणी फुकट दिलं तरी मी त्यात पाठ टेकणार नाही. (मी अजून अंगणातच झोपते. सात वर्षं झाली. आमचे हे थंडीत कुरकुर करतात, पण बाज माझ्या शेजारीच टाकतात.)

पत्रास कारण की, यांचं म्हणजे तुझ्या जिलानीभाईंचं पत्र तुला गेल्या आठवड्यात मिळालंच असेल. धंदा बंद करायचा, पतंग विकायचा आणि लातूरला येऊन तुझ्यासारखी मेस काढायची, त्यासाठी तुझ्या गल्लीत एखादी जागा बघ, असं त्यांनी कळवलंय. पतंग घ्यायला हैदराबादचा एक माणूस पुढच्या शुक्रवारी येतोय. हा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे आणि माझी त्याला पूर्ण संमती आहे, एवढंच सांगायला हे पत्र लिहून राहिले. (लिहून झालं की हे वाचणार आहेत, म्हणून अक्षर जरा मोठं आणि बरं काढलंय.)

तुला सगळं माहीत आहे, पण तू पत्र शेजारणींना वाचून दाखवतेस, म्हणून त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते. भूकंपात आमचं शिलाईचं दुकान गेलं, मशीन दगडाखाली गेलं आणि हे कामासाठी कोकणात गेले. तिथं समुद्राच्या कड्यावर एकाचा धंदा होता. भला मोठा कापडी पतंग, त्याला पाईपांचा सांगाडा, आणि खाली चालवणारा व गिऱ्हाईक असे दोघं शेजारी-शेजारी पट्ट्यांनी टांगलेले. दोघांनी मिळून उतारावरून पळत सुटायचं, पतंग उचलून घेतो, मग समुद्रावरून फिरून खाली वाळूत उतरायचं. यांना कापड शिवायला ठेवलं होतं. शिवता शिवता हे उडायला शिकले, आणि मालकानं धंदा गुंडाळला तेव्हा निरोपाला एक जुना पतंग यांच्या गळ्यात मारला. (लोक कोकणातून आंबे आणतात.) नांदेडला समुद्र नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. हे म्हणाले, विष्णुपुरी धरणाचं पाणी आहे, काठाला टेकडी आहे, वारा आहे, आणखी काय पाहिजे? बोर्डावर लिहिलं, ‘समुद्रासारखा अनुभव’. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं पाणी चाखून बघितलं आणि तक्रार केली. हे त्याला ग्लायडर म्हणतात, मी पतंग म्हणते, आणि आसपासची गावं ‘जिलानीचं इमान’, म्हणजे विमान, म्हणतात.

यात माझं काम वजनाचं. गिऱ्हाईक किती किलोचं आहे हे आधी कळावं लागतं, आणि अक्का, खरं वजन सांगणारा माणूस मला पाच वर्षांत भेटला नाही. म्हणून मी कापसाचा एक जुना काटा ठेवला. नायगावचे एक पुढारी आले, बरोबर दोन जीप भरून माणसं. म्हणाले, सत्तर किलो. कार्यकर्त्यांसमोर काट्यावर चढायला तयार होईनात. मी कपड्याचं माप घेते असं सांगून कमरेला टेप लावला, तर टेप म्हणाला सत्तेचाळीस इंच. मी यांना डोळ्यांनी खुणावलं, पण हे पुढाऱ्यांपुढं विरघळतात. उडाले ते उडाले, पण काठापर्यंत पोचलेच नाहीत. दोघं गुडघाभर पाण्यात, तेही म्हशींच्या मधोमध. साहेबांच्या पांढऱ्या झब्ब्याचं जे झालं ते झालं, पण म्हशीच्या मालकानं भांडण काढलं की जनावर भेदरलंय, दूध देत नाही, त्याची समजूत काढा. हे चार दिवस संध्याकाळी सरकी घेऊन म्हशीकडं जात होते. (माझी समजूत काढायला कधी एक बांगडी आणली नाही.)

मग गौरम्माचं ऐक. माहूरहून देवीचं दर्शन घेऊन परतणारी एक जीप आमच्याकडं थांबली, त्यात ही साठीची बाई, निलंग्याकडची, आपल्यासारखीच भूकंपातली. झाडाखाली बसून प्रसाद वाटत होती. तिकडं टेकडीवर हे एका नव्या नवरदेवाला शिकवून राहिले होते की मी ‘पळ’ म्हटलं की पळायचं, थांबायचं नाही. (सगळ्यांत अवघड तेच आहे. माणसं चार पावलं पळतात आणि भीतीनं मटकन खाली बसतात. मग दुसरा माणूस आणि पतंग, दोन्ही त्याच्या अंगावर.) यांनी घसा फोडून ‘पळ!’ म्हटलं. नवरदेव जागच्या जागी थिजला. आणि गौरम्मा नातवाला काखेत मारून, प्रसादाची पिशवी तिथंच टाकून, टेकडीखालच्या मोकळ्या शेतात जाऊन उभी! आम्ही खाली जाऊन म्हटलं, अहो बाई, काही झालं नाही. ती म्हणाली, कळतंय मला, पण पाय ऐकत न्हाईत. कुणी हसलं नाही. मी तर नाहीच नाही, कारण तिच्या मागं मीसुद्धा निम्म्या वाटेपर्यंत पळाले होते. नंतर तिनंच हट्ट धरला, काष्टा घट्ट खोचला आणि अशी धावली की हे अजून तिचं नाव काढतात. वर गेल्यावर यांना म्हणाली, आता आलोच आहोत तर निलंग्याला सोडा, जीपवाला लई हळू चालवतो.

आणि तुमचे लातूरवाले! एका क्लासनं (नाव लिहीत नाही, त्यांची पोरं तुझ्याकडं जेवतात) चाळीस पोरं आणली, फिजिक्सचं प्रॅक्टिकल म्हणून. बरोबर काही पालकही होते. त्यांतले एक, शेषेराव म्हणून शेतकरी, मला बाजूला घेऊन हळूच विचारू लागले की यानं बारावीला किती मार्क वाढतील. मी म्हटलं, भाऊ, नीट उतरला तर आहेत तेवढे राहतील. क्लासचे ईश्वरप्पा सर आधी स्वतः बसले. पाण्यावर येईपर्यंत डोळे गच्च मिटून सूत्रं म्हणत होते. मग एक डोळा उघडून यांना म्हणाले, तुमच्या पतंगाचा कोन चुकलाय, माझ्या हिशेबानं हा उडायलाच नको. यांनी विचारलं, मग दुरुस्त करू का? सर म्हणाले, नको नको, चूक आहे तशीच राहू द्या.

पण बंद करायचं खरं कारण यांतलं एकही नाही. खरं कारण कापड. गेल्या हिवाळ्यापासून पतंगाच्या मागच्या काठाची शिवण सहा वेळा गेली. सहा वेळा, अक्का! आणि कोकणातल्या मालकानं यांना एक रीत घालून दिलीय की ज्यानं टाका घातला त्यानं आधी बसायचं, मगच गिऱ्हाईक. आधी हे स्वतःच शिवायचे. आता यांना जवळचं दिसत नाही, त्यामुळं मेणाचा दोरा आणि सुई माझ्याकडं आली, आणि दोऱ्याबरोबर ती रीतही. पहिल्या वेळी यांच्या शेजारी टांगून मला नेलं तेव्हा मी किती रडले ते काठावरच्या धोब्यांना विचार. पाच वर्षं मी रोज सकाळ-संध्याकाळ सांगत आले की बंद करा हा नाद, जीव जाईल कुणाचा तरी. ऐकलं नाही. आता सहाव्यांदा शिवण गेली तेव्हा यांनी कापड बराच वेळ हातात धरलं आणि म्हणाले, रईसा, तूच खरी, कापड मेलं, माणसाच्या जिवाशी खेळ नको. मीही शिंपीण आहे, मी काय बोलणार? कापड गेलंच आहे. तेव्हा जागेचं तेवढं बघ. लेक मुबश्शिरा सासरी मजेत आहे, तिचाही तुला सलाम.

तुझी धाकटी बहीण,
रईसा

ता.क. यांनी पत्र हात लांब करून वाचलं, लई छान लिहिलंस म्हणाले, आणि तिकीट न् डिंक आणायला सायकलवरून कॉलेजसमोरच्या दुकानात गेलेत. यायला वीस मिनिटं लागतील. अक्का, आता खरं लिहिते, अक्षर लावून घे.

कापडाला काहीही झालेलं नाही. पहिली शिवण आपोआप गेली होती. पुढच्या पाच मी उसवल्या. ब्लेडनं, दुपारी हे झोपले की, आणि तपासताना दिसेलच अशा जागी, म्हणजे न शिवता कुणी उडू नये. शिवलं की मला बसावं लागतं, म्हणून उसवल्या. स्वतःहून ‘मला वर न्या’ असं कुठल्या तोंडानं म्हणू? या पतंगाला मी दिलेल्या शिव्या अख्ख्या विष्णुपुरीला पाठ आहेत.

पहिल्या दिवशी मी रडले ते खरं, पण भीतीनं नाही गं. तुला माहीत आहे, तू माझ्या शेजारी झोपलीयेस. सात वर्षं मी जमिनीला कान लावून आहे. ट्रक गेला, शेजारणीनं वरवंटा आपटला, की माझे पाय आधी उठतात आणि मी मागून उठते. पाण्यावर गेलो आणि ते सगळं बंद झालं. हलली तर हलू दे म्हटलं जमीन, मी तिच्यावर नाहीच! यांचा खांदा धरला होता आणि मी कशाचीच वाट पाहत नव्हते. इतकं बरं वाटलं की हुंदका फुटला. यांना वाटलं भ्याली.

आता माझ्याच करणीनं यांची खात्री पटलीय की कापड मेलं. खरं सांगावं तर काय सांगू, की तुम्ही ज्याच्याखाली टांगून घेता ते मी उसवत होते? माझ्या टाक्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारं दुसरं कोण आहे मला? म्हणून तुझ्या पाया पडते, जागा नाही म्हणून कळव. भाडं परवडणार नाही, पाणी येत नाही, पोरं रोज अंडी मागतात, काय सुचेल ते लिही, पण गुरुवारच्या आत नाही म्हण. तो हैदराबादवाला पाईप कापून नेणार आहे.

ता.क. सायकलची घंटी वाजली. तर अक्का, साठ पोरांना दिवसाला पीठ किती लागतं तेही कळव, म्हणजे अंदाज येईल.

(मागच्या पानावर, वेगळ्या अक्षरात)

तारा अक्का, आदाब. पाकीट रईसानं चिकटवून दिलं, पण डिंक ओला होता आणि पोस्ट लांब आहे. उन्हात लांब धरून वाचलं, माफ करा.

मला जवळचं दिसत नाही, पण बोटांना कळतं. तुटलेल्या दोऱ्याची टोकं पिंजलेली असतात, ब्लेडनं कापलेल्याची सरळ. दुसऱ्याच वेळी माझ्या ध्यानात आलं होतं. गप्प बसलो, कारण उडून आली की त्या रात्री ती सकाळपर्यंत झोपते. एरवी सात वर्षांत झोपलेली मी पाहिली नाही.

हैदराबादहून कुणी येत नाही. ते मी रचलं, आणि मागच्या पत्रातलं मेसचंही. विकायला काढलं तर एकदा तरी तोंडानं म्हणेल की विकू नका, मला न्या, असं वाटलं होतं. ती तर चार पानं भरून माझ्याच बाजूनं झाली! मला ते तिच्या तोंडून ऐकायचंय, अक्का. म्हणून तिनं सांगितलंय तसं लिहू नका. जागा पक्की झाली, आठ दिवसांत सामान घेऊन या, असं लिहा, मग बघू किती दिवस गप्प राहते.

आणि जरा लवकर लिहा. उसवून उसवून त्या काठाला आता खरोखरच भोकं पडायला लागलीत.

आपला,
जिलानी