लोरीनचा बोकड आणि माझी फेलनी

प्रिय एल्फ्रीडाताईस,

धाकट्या ओटोचा गुडघे टेकून नमस्कार (गुडघे टेकतात अजून, उठवायला माणूस लागतो). भाऊजींची कंबर आता बरी असेल. तू पाठवलेला पीचचा मुरंबा पोचला आणि संपलाही.

तू लिहितेस, तुमच्या चर्चमध्ये सगळ्या बायका 'फेलनी, फेलनी' कुजबुजताहेत, आणि मला विचारतेस, 'ओटो, तू नक्की केलंस तरी काय?' सांगतो. फेलनी म्हणजे मोठा गुन्हा. खून, दरोडा, घराला आग लावणं आणि आपल्या टेक्सासात बोकड चोरणं, मग तो कितीही हाडकुळा असो. शाबीत झाली की तुरुंग, शिक्षा संपेपर्यंत मत नाही (भाऊजी म्हणतील, तुझ्या मतानं आजवर निवडून आलंय कोण), आणि बंदूक जाते. बंदूक गेली की हरणांची शिकार गेली, म्हणजे माझा सगळा नोव्हेंबर गेला.

झालं असं. जत्रेत लोरीनच्या अंगोरा बोकडाला पहिला नंबर, माझ्याला तिसरा. (लोरीन म्हणजे ओढ्यापलीकडची, चार वर्षांपूर्वी नवरा गेला ती.) निकालानंतर सगळ्यांची लोकर उतरवली. लोकर उतरली की सगळे बोकड सारखेच नागडे दिसतात. मी तिचा गाडीत घातला, माझा जत्रेतल्या तिच्या खोपटात राहिला. तिला वाटलं, कुणीतरी मुद्दाम अदलाबदल केली. तिनं पोलिसांना फोन केला.

रविवारी पोलिसांतला डेप्युटी वेल्डन दारात, मागे लोरीन. वेल्डनला मी पाळण्यात पाहिलंय, पण पट्टा कसून उभा राहिला आणि म्हणाला, "ओटोकाका, मुद्दाम नेला असेल तर फेलनी. चुकून नेला असेल तर काहीच नाही. काय ते आता बोला." ताई, मी टोपी शोधायला लागलो, ती डोक्यावरच होती. तर लोरीनच म्हणाली, "अरे, या माणसाला डोक्यावरची टोपी सापडत नाही, तो बोकड काय ओळखणार? जा तू, जेवायला जा."

वेल्डन गेला. बोकड मात्र तिच्या गाडीत चढेना. म्हणून ती सोमवारी आली, बुधवारी आली, मग बोकडाचं नावही न काढता येऊ लागली. माझ्या स्वयंपाकघराला आता पडदे आहेत. मी फार सुखात आहे.

तुझा,
ओटो

ता. क. लग्न ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. सॉसेज माझ्याकडे, केक तू आण.

ता. क. २. खरं काम हे. लग्नात कुणी विषय काढलाच, तर ओटोची नजर लहानपणापासून अधू, असं सांग. मी डोळे मिटून नुसता कान चाचपून बोकड कुणाचा ते सांगायचो, हे आता तुझ्याशिवाय कुणाला आठवत नाही. चार वर्षं तिला कॉफीला ये म्हणायचा धीर झाला नाही, ताई. बोकड उचलायला दोन मिनिटं लागली. पत्र वाचून झालं की स्टोव्हमध्ये घाल.