फॉर्मातला घोर

रायपूर,
९ नोव्हेंबर २०२४

चि. मोनाली हिला आईचा सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते. थंडी पडू लागली तसा तुझ्या पप्पांचा गुडघा पुन्हा धरला. विहारातलं वर्षावासाचं वाचन याही वर्षी मीच पूर्ण केलं, एक दिवस चुकला नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. उत्तर हिंदीत दिलंस तरी चालेल. वाचायला मात्र मराठी मीच शिकवली आहे तुला, तेव्हा समजलं नाही असं म्हणू नको.

माझ्या तोंडाचं पप्पांनी कळवलं असेल, तेही अर्धवट. दोन्ही गालांना आतून पांढरी जाळी आली आहे, क्रोशाच्या रुमालासारखी. तिखट लागलं की आग होते. दाताच्या कॉलेजात बारीक तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही. लायकेन प्लॅनस म्हणतात. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, पण मुळातून जातही नाही. जेल लावायचं आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मी रोजची वही ठेवली आहे, काय खाल्लं आणि दहापैकी किती जळलं. तिथल्या कौमुदी मॅडमनी ती वही शिकणाऱ्या पोरांना दाखवली. म्हणाल्या, "मावशी मॅट्रिक आहेत. तुमच्यापैकी कुणाची नोंद अशी असते?" पोरं खाली बघून राहिली. मी नाही बघितलं खाली.

मॅडम पुण्याच्या. हा आजार कुठल्या भागातल्या माणसाला कसा होतो आणि त्याच्या मनात काय चाललेलं असतं, याचा त्या अभ्यास करून राहिल्या आहेत. कोण दातांना तंबाखूचं गुडाखू घासते, कोण मिरची जास्त खाते, कोणाला चिंता आहे, सगळं विचारतात. मराठी फॉर्म त्यांनी स्वतः लिहिला. 'आपणांस खिन्नता जाणवते का? अस्वस्थता जाणवते का?' आपल्या विदर्भाकडच्या साऱ्या बायांनी 'नाही' लिहिलं. मीही लिहिलं. अशा भाषेचा कागद समोर आला की 'नाही' लिहून मोकळं व्हावं, ही आपली जुनी सवय. छत्तीसगढी बायांचे फॉर्म मात्र भरगच्च, कारण नर्स दीदी त्यांच्यातली. ती चिंतेचं त्यांच्याच बोलीत विचारायची, "संसो हे का, काकी?" की त्या "हव" म्हणून सुरू.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "मावशी, फार वेगळं निघालं. विदर्भाकडच्या बायकांना आजार आहे, पण मनावर ताण अजिबात नाही."

मी म्हटलं, "घोर नाही अशी एक बाई दाखवा मले."

"घोर? म्हणजे घोरण्याचा त्रास?"

"घोरतात ते आमचे हे. घोर म्हणजे जिवाले लागते तो. जेवू देत नाही, कोणाजवळ बसू देत नाही."

त्यांनी तो शब्द फॉर्मच्या कोपऱ्यात लिहून घेतला. मग म्हणाल्या, "माझ्या आजीच्या तोंडी होता हा शब्द. मी विसरूनच गेले. मावशी, तुम्हीच विचाराल का या बायकांना?"

मंगळवारी मी कॉलेजातल्या बाकावर विचारायला बसले. पहिली आली बीरगांवची शेवंताबाई. फॉर्मवर सगळीकडे 'नाही'. मी विचारलं, "काही घोर आहे का, बाई?"

तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "आधी तुमचा सांगा. मोठ्या आल्या विचारणाऱ्या."

मोनाली, आता मुद्द्याचं लिहिते.

दीड वर्ष मी विहारात सांगत आले की मोनाली सासरी सुखात आहे. पंचशील म्हणून झालं की त्याच तोंडानं हे. पण तिथं बाकावर खोटं बोलले असते तर शेवंताबाईही पुन्हा 'नाही'च म्हणाली असती. मी म्हटलं, "पोट्टीचा घोर आहे. सासर सोडून बॅग घेऊन दारात आली. मी म्हटलं, दोन दिवस राह्य, मंग आपल्या घरी जाय. ती पाणीही न पिता गेली."

"काहून म्हटलं असं?"

"लोकांसाठी."

"मंग लोकं येतात का तुमच्या तोंडाले जेल लावाले?"

मला हसू आलं आणि रडूही. मग तिनं तिचं सांगितलं. ते तिचं आहे, तुला लिहिणार नाही. त्या दिवशी नऊ जणींना विचारलं, सात जणींनी 'आहे' म्हटलं. मॅडमनी अख्खा मराठी फॉर्म बदलला.

माझी जळजळ तू गेलीस त्याच्या पुढच्या आठवड्यात सुरू झाली. घोरानंच झालं असं म्हणता येत नाही, पण त्यानं वाढतं, असं मॅडम म्हणतात. हे तुझ्यावर ढकलायला लिहीत नाही. बोलले मी होते.

२३ तारखेला कॉलेजात बाहेरगावचे मोठे डॉक्टर येणार आहेत. मॅडम अभ्यास वाचतील आणि घोराचा प्रश्न मी माइकवर म्हणून दाखवायचा आहे. कागदावर नाव छापलं आहे, श्रीमती मीरा यशवंतराव गजभिये. पप्पांनी तो कागद शेजारी तीन घरी दाखवला. घरच्या एका माणसासाठी पुढची खुर्ची आहे. पप्पा मागे बसायला तयार आहेत. मी नाव दिलं, मोनाली गजभिये, शिक्षिका, कोरबा. मॅडमनी विचारलं, "मुलगी का?" मी म्हटलं, "हो. एकटी राहते, स्वतःच्या पायावर आहे." येत्या पौर्णिमेला विहारातही हेच सांगणार आहे, उभं राहून.

ये. किती दिवसांसाठी आलीस, ते मी विचारणार नाही.

तुझी, चुकलेली,
आई