बायकांचं दार

३ जुलै ८६
घाटकोपर, टेकडीवरची वस्ती. नवा संडास बांधून झाला, रंगही लागला. बायका मात्र डबा घेऊन अजून वर झाडीतच जातात. आमचे प्रकल्पाचे साहेब म्हणतात, "सवय जात नाही यांची." डोंबलाची सवय! बायकांचं दार काढलंय नेमकं कॅरम क्लबसमोर. दिवसभर सगळे पुरुष तिथंच. सावंतमावशी म्हणाल्या, "गे बाय, सासऱ्या-दिराच्या समोरसून डबो घेवन जावचा काय?" त्यांची सून सुनंदा गरोदर, सातवा लागलाय. तीही वर चढते.

५ जुलै
साहेबांना म्हटलं, दार मागच्या भिंतीत काढा, गवंडी तयार आहे. "नकाशा मंजूर झालाय. आधी पाहुणे येऊन जाऊ देत." पाहुणे म्हणजे दिल्लीचे, सोबत दोन गोरे. हात टेकले.

९ जुलै
सुनंदाचे पाय सुजलेत. दिवसा पाणीच पीत नाही, म्हणजे जायला नको. ओरडले तिच्यावर. तिच्यावर कशाला ओरडले? ओरडायचं होतं दुसऱ्यावर.

१२ जुलै
पाहुणे आले. फोटोसाठी बायकांची रांग, हातात डबे. क्लब तेवढा वेळ बंद. म्हणजे बंद ठेवता येतो तर! सुनंदा हळूच म्हणाली, "ताई, नुसतं उभं राहायचं की जाऊन यायचं?" बायका हसल्या. ती खरंच जाऊन आली. पाहुणे खूश. त्यांची गाडी वळली न वळली तोच कॅरम सुरू.

१५ जुलै
सुनंदा पहाटे चिखलात घसरली. वरून झोळीतून खाली आणली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं... मुलगी होती. साहेबांना फोन केला. "अरेरे. रिपोर्टात नका घालू." फोन आपटला. नुसती रडत बसले.

१९ जुलै
मावशींनी पहारीने मागची भिंत फोडली. भगदाडावर जुनं लुगडं टांगलंय. बायका सकाळपासून तिथूनच जातायत. सुनंदा घरात, भिंतीकडे तोंड करून पडून. जेवत नाही.
साहेब लालेलाल. "कुणी फोडली? नाव सांगा, पोलिसात देतो." मावशी समोरच, तळहात सोललेले. मी म्हटलं, "मी फोडली. लिहून घ्या."
सोमवारी ऑफिसात बोलावलंय. नोकरी बहुतेक गेली. भिंत बुजवायला गवंडीही सोमवारीच येणार. मावशींना सांगितलं.
"येवंदे," म्हणाल्या. "पहार घरातच आसा."